मिठाच्या पिशवीवर काय लिहायचं

पेणला रामवाडीत माझं लेबलं छापायचं दुकान आहे. छोटा गाळा, एक कॉम्प्युटर, एक छपाईचं मशीन आणि स्टिकर कापायचं एक यंत्र. पेणमध्ये पापड-मिरगुंडं करणाऱ्या बायका आहेत, मसालेवाले आहेत, गणपतीचे कारखाने आहेत, त्यामुळे कामाला तोटा नसतो. राहतो मात्र रोह्यालाच. बायको तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. तिला ती शाळा सोडता येत नाही आणि माझं गिऱ्हाईक पेणचं, म्हणून मी रोज गाडीने जातो-येतो.

त्याआधी बावीस वर्षं मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत पॅकिंग खात्यात होतो. भरलेल्या ड्रमवर लेबल लावायचं, बॅच नंबर तपासायचा, सही करायची. तिन्ही शिफ्टमध्ये हेच काम. कंपनीने माणसं कमी केली तेव्हा त्यात माझंही नाव निघालं. दुसरं काही येत नव्हतं. लेबल येत होतं. मग एका ओळखीच्या प्रेसमध्ये वर्षभर बसून डिझाइन शिकलो आणि हे दुकान टाकलं.

खरं सांगायचं तर डिझाइन करायला मिळेल या आशेने टाकलं, आणि करावं लागलं भलतंच. येणारा माणूस मोबाइलवर दुसऱ्या कुणाचं तरी लेबल दाखवतो आणि म्हणतो, अस्संच करा, फक्त नाव आमचं टाका. मग मी तेच लाल-पिवळे रंग, तीच पदर घेतलेली बाई, तोच वाफाळणारा वाडगा जुळवत बसतो. त्यामुळे मिठाची पिशवी घेऊन एक बाई आली तो दिवस मला चांगला आठवतो.

मार्च महिना होता. ती खाडीकडच्या एका गावातून मिनीडोर रिक्षाने आली होती. पस्तिशीची असेल. काउंटरवर तिने प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. आत मीठ होतं. बाजारात मिळतं तसं पांढरंशुभ्र, भुरभुरीत नव्हे. जाडे, किंचित करडे खडे.

"दादा, याच्यावर लावायला काय तरी चांगलं करून द्या," ती म्हणाली.

"तुमचं मिठागर आहे?"

"सासऱ्यांचं हाय. आता आमच्या बाजूला दोन-तीनच राहिलीत. बाकीच्यांनी सोडून दिलं. ट्रकवाले येतात ते सगळं एकत्र भरून नेतात, कुठं नेतात, काय करतात, काय कळत नाय. मी म्हटलं, आपन पिशव्या भरून बघू. मागच्या महिन्यात बचत गटाच्या स्टॉलवर ठेवलं होतं. बायका हातात घ्यायच्या, बघायच्या आणि ठेवून द्यायच्या. म्हणायच्या, यावर काहीच लिहिलेलं नाही."

मी विचारलं, लेबल कसं हवंय, कुणाचं बघितलंय का. तिने मोबाइल काढला. मी मनात म्हटलं, आता दाखवणार ती पदरवाली बाई. पण तिने दाखवला एका म्हाताऱ्या माणसाचा फोटो. बांधावर उभा, गुडघ्यापर्यंत धोतर, हातात लांब दांड्याची लाकडी फळी, पाठीमागे मिठाची रास. उन्हामुळे डोळे बारीक झालेले.

"हे आमचे बाबा. मिस्टरांचे वडील. यांचा फोटो टाकायचा."

"त्यांना विचारलंत?"

"विचारलं तर हसले. म्हणाले, माझा थोबडा बघून कोन घेल गो मीठ?"

पण नको म्हणाले नव्हते, असं ती म्हणाली.

त्या रविवारी मी मिठागर बघायला गेलो. खरं तर लेबलासाठी कुणी एवढं करत नाही. मी आजवर एकाही पापडवालीचं घर बघितलेलं नाही. पण त्या फोटोने मला ओढ लावली होती.

म्हातारबाबा बांधावर बसून तंबाखू मळत होते. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्या पायात बूट होते.

"बूट काढा," ते म्हणाले, "नायतर त्यानला मीठ खाऊन टाकंल."

मग त्यांनी मला सगळं फिरून दाखवलं. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत कसं घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात कसं सोडतात, दर वाफ्याला ते कसं जड होत जातं, आणि शेवटच्या वाफ्यात वर साय धरल्यासारखं मीठ कसं दिसायला लागतं. ते फार बोलत नव्हते. बोटाने दाखवायचे आणि मला कळलं का ते बघायचे. पायांना टाचेपासून पोटरीपर्यंत भेगा होत्या, त्यांत मिठाची पांढरी रेघ बसलेली. एका वाफ्यातलं ताजं मीठ त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं.

"चाखा."

मी चाखलं. आधी खारट, मागून जरा कडसर.

"कडू लागला ना? आजचा हाय. रास करून ठेवला का त्याचा कडूपना निघून जातो. मंग गोड." मिठाला गोड म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. ते पुढे म्हणाले, "आमच्या घरात दुसरा मीठ कंदी आलाच नाय. माझे आयशीनं हाच घातला, माझे बायकोनं हाच घातला."

निघताना त्यांनी विचारलं, "काय लिवनार?"

"खाडीचं मीठ, असं लिहू?"

"लिवा. खाडीचाच हाय."

घरी येऊन मी चार संध्याकाळी त्या फोटोवरून रेखाचित्र काढलं. नुसत्या काळ्या रेषेत. फळी धरलेले हात, बारीक केलेले डोळे, मागे रास. रंग एकच घेतला, खाडीच्या चिखलाचा. मोठ्या अक्षरांत 'खाडीचं मीठ'. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, "हे तुम्ही काढलंत?" आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, पण या सुरात तिने मला आधी कधी काही विचारलं नव्हतं.

मिठाला पाणी सुटतं, कागदी स्टिकर चार दिवसांत फुगून निघून येईल, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी प्लॅस्टिकच्या फिल्मवर छापायचं ठरवलं, शाईसुद्धा न पसरणारी घेतली. पिशवीवर पाण्याचा हात लागला तरी लेबल तसंच राहील याची मी दोनदा चाचणी केली. मागच्या बाजूला मजकूर मीच लिहिला. 'आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जेवणात वापरलं जाणारं मीठ. भाजी, आमटी, कोशिंबीर, कशातही घाला.' तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अगदी आमच्या मनातलं लिवलंत." दोनशे लेबलं छापली.

एप्रिलमध्ये रोह्याला बचत गटांचं प्रदर्शन होतं. तिथे पहिल्याच दिवशी तिच्या पंचवीसेक पिशव्या गेल्या. तिने मला फोन करून सांगितलं. लोक चित्राकडे बघून थांबतात, विचारतात हे कोण, मग मी सांगते आमचे बाबा, मग घेतात. दुसऱ्या दिवशी माझी बायको शाळेतून येताना मुद्दाम तिकडे गेली आणि एक पिशवी घेऊन आली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने पिशवी ओट्यावर ठेवली, चष्मा लावला आणि मागचा मजकूर वाचला. मी चहा पीत बसलो होतो, कौतुकाची वाट बघत.

"अहो, यात आयोडीन कुठे आहे?"

"समुद्राचं मीठ आहे. असेलच की."

"समुद्राच्या मिठात असून नसल्यासारखंच असतं. सगळ्यांना असंच वाटतं. मी दर वर्षी मुलांना सांगते." तिने चष्मा काढला. मग म्हणाली, "माझ्या मोठ्या मावशीचा गळा आठवतो तुम्हाला?"

मला आठवत होता. कोलाडच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे तिचं आजोळ. मावशींच्या गळ्याशी मुठीएवढी गाठ होती. आमच्या लग्नात त्या पदर गळ्याभोवती गुंडाळून मागच्या रांगेत बसल्या होत्या, आणि फोटो काढायला काही केल्या पुढे आल्या नव्हत्या.

"तिला कुणी सांगितलंच नाही, कशाने होतं ते," बायको म्हणाली. "आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी म्हणून विकता येत नाही. नियम आहे तसा. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत असायला हवं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. चहा तसाच राहिला.

सकाळी परवान्यांची कामं करणाऱ्या एका ओळखीच्या एजंटला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, खाण्यासाठी विकायचं तर आयोडीन लागतंच. मासे-कैऱ्या खारवायला, जनावरांना, कारखान्याला, यासाठी साधं मीठ विकता येतं. पण ते कशासाठी आहे आणि कशासाठी नाही हे लेबलवर स्पष्ट लिहायचं. मी विचारलं, यांना घरी आयोडीन घालता येईल का? तो म्हणाला, मोजून घालायला मशीन लागतं, तपासणी लागते, वेगळा परवाना लागतो. एका मिठागराचं काम नाही ते.

"तुम्ही छापून बसलात काय?" त्याने विचारलं.

"छापलीत."

"मग पुन्हा छापा."

मिठागरवाल्या ताईला मी दुकानात बोलावून घेतलं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ती आली ती खुशीतच आली. आणखी तीनशे लेबलं हवीत म्हणाली. मी तिला बसायला सांगितलं आणि बायकोने मला सांगितलं होतं तसंच सगळं सांगितलं, मावशीसकट.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आमचं मीठ खान्यालायक नाय?"

"तसं नाही, ताई. वाईट नाही ते. त्यात एक गोष्ट नाही, जी सगळ्यांना मिळावी म्हणून सरकारने मिठात घालायला लावली."

"आमी खातोच ना. आमाला कुठं काय झालंय?"

"तुम्ही मासळी खाता रोज. ज्यांना ती मिळत नाही त्यांचं काय?"

 ती हळू आवाजात म्हणाली, "मुलांसाठी मी पाकिटातलंच आनते. आरोग्य केंद्रातल्या ताईंनी सांगितलं होतं. बाबांना म्हाईत नाय. त्यांच्या भाकरीला आपलं खाडीचं वेगळं ठेवते." मग तिने विचारलं, "लेबलवर काय लिवायला लागेल?"

मी कागदावर लिहून दाखवलं. 'मासे, कैऱ्या, लिंबं खारवण्यासाठी. आयोडीन नाही. थेट खाण्यासाठी नाही.'

शेवटच्या तीन शब्दांवर तिने बोट ठेवलं. "हे बारीक लिवा ना, दादा. खाली कोपऱ्यात. लिवलंय तर लिवलंय, पन डोळ्यात नको यायला. बाबांचं तोंड आणि त्याच्या बाजूला हे, कसं दिसंल?"

मी हो म्हणालो. ती गेल्यावर कॉम्प्युटरवर बसलो आणि ते वाक्य अगदी बारीक केलं, चिखलाच्या रंगावर त्याहून जरासाच गडद रंग दिला, आणि बारकोडच्या खाली ढकललं. हे कसब आमच्या धंद्यात सगळ्यांनाच येतं. लिहिलेलं असतं आणि दिसत नाही. प्रूफ काढलं, भिंतीला लावलं, दोन पावलं मागे जाऊन बघितलं. सुंदर दिसत होतं. ते वाक्य खरोखरच दिसत नव्हतं.

कंपनीत असताना एकदा पावसात उघड्यावर राहिलेल्या एका ड्रमचं लेबल पुसट झालं होतं. जवळून बघितलं तर वाचता येत होतं. लोडिंगच्या एका माणसाने ते साबणाचं पाणी समजून त्यात हात घातले. महिनाभर त्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. बायको भरवायची त्याला. चौकशीत मी म्हणालो होतो, लेबल होतं, साहेब. आणि ते खोटं नव्हतं. त्या माणसाला भेटायला मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा दारातून परत आलो. हे मी बायकोलासुद्धा पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

मिठाने कुणाचे हात भाजणार नव्हते, हे मला कळत होतं. तरी ते प्रूफ मी भिंतीवरून काढलं आणि फाडलं. नव्याने बसलो. तो मजकूर समोर घेतला, नावाच्या खालोखाल, सहज वाचता येईल एवढ्या अक्षरांत. चित्र तसंच ठेवलं. नमुन्यादाखल दहा-बारा छापून तिच्याकडे पाठवली, आणि सोबत निरोप दिला की बारीक करायला मला जमलं नाही.

आठ दिवस तिचा फोन आला नाही. नवव्या दिवशी म्हातारबाबा स्वतः आले.

दुपारची वेळ होती. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. मी उठून खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला. ते बसले, सगळं दुकान बघून घेतलं. भिंतीवर पापडांची, मसाल्यांची लेबलं होती. मग पिशवीतून माझी नमुन्याची लेबलं काढून काउंटरवर ठेवली.

"हे पेटीच्या मागं लपवलेले व्हते," ते म्हणाले. "पोरगी आठ दिस बोलत नाय. स्टॉल लावीत नाय. इचारला तर बोलते, लेबल छापायचे हायेत. आनी लेबल तर छापलेले हायेत. मना बारीक दिसत नाय. वाचून दाखवा."

"तिनं सांगितलं नाही काही?"

"तुमी सांगा. तुमी लिवलंय."

मी लेबल हातात घेतलं. आजवर मी शेकडो लेबलं लिहिली, पण लेबलवर ज्याचं चित्र आहे त्यालाच ते वाचून दाखवायची वेळ कधी आली नव्हती. मी वाचलं. 'खाडीचं मीठ. मासे, कैऱ्या, लिंबं खारवण्यासाठी.' तिथे मी थांबलो.

"म्होरं?"

"आयोडीन नाही. थेट खाण्यासाठी नाही."

 बाहेर हायवेवरून गाड्या जात होत्या. मी आयोडीनचं सांगायला लागलो, गळ्याच्या गाठीचं सांगितलं, लहान मुलांच्या वाढीचं सांगितलं, बायको शाळेत सांगते तसं. ते माझ्याकडे बघत होते, पण ऐकत होते की नाही ते कळत नव्हतं. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं,

"पयले लेबलवर काय लिवला व्हता?"

"भाजी, आमटी, कशातही घाला, असं."

"तो कोनी लिवला?"

"मीच."

"हा पन तुमीच."

"हो."

"मंग तवा तुमाला म्हाईत नव्हता?"

"नाही, बाबा. मी विचारायला हवं होतं. चूक माझी आहे."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, डोक्यावरून हात फिरवला.

"मी जनमभर हाच खाल्ला," ते म्हणाले. "लोकानला घातला. लग्नानला पोती दिली इथून. कोनी बोलला नाय."

 मग त्यांनी अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "सुके मासलीला चालतो?"

"चालतो."

"कैरीला?"

"चालतो."

"ढोरानला?"

"चालतो. पण तेही लिहावं लागेल."

"मंग लिवा. जो हाय तो लिवा." ते उठले. दाराशी जाऊन परत वळले आणि लेबलवरच्या चित्राला बोट लावलं. "पन हा काढा."

"बाबा, लोक हे बघूनच थांबतात. तुमची सून म्हणते..."

"खाऊ नका लिवलंय त्याचे वर माझा तोंड नको." आवाज चढला नव्हता. "कैरी खारवा, मासली खारवा, सगला लिवा. माझा तोंड काढा."

मी त्यांना मिनीडोरच्या थांब्यापर्यंत सोडायला गेलो.  गाडी भरायला वेळ होता, मी चहा विचारला, ते नको म्हणाले. मी तसाच उभा राहिलो. गाडी सुटली तेव्हा त्यांनी हात केला नाही, पण तोंडही फिरवलं नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला. ती रडत होती की चिडली होती, सांगता येत नव्हतं. "तुमी त्यांना वाचून कशाला दाखवलंत?"

"त्यांनी विचारलं, ताई."

"काय तरी दुसरं सांगायचं."

 खरं तर क्षणभर दुसरं काहीतरी सांगायचं माझ्याही मनात आलं होतं. त्यांना कधीच कळलं नसतं. ते खुशीत घरी गेले असते आणि त्यांचं चित्र त्या पिशवीवर राहिलं असतं, माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम.

चित्र काढून टाकलं तेव्हा लेबल अगदीच उघडं पडलं. त्या जागी काय घालावं याचा मी दोन दिवस विचार केला. होडी, बगळा, लाटा, सगळं करून बघितलं आणि पुसलं. शेवटी अक्षरंच मोठी केली. 'खारवायचं मीठ.' खाली कशाकशाला चालतं ते, त्याखाली तेवढ्याच ठळकपणे कशाला नाही ते. बायकोने बघितलं आणि म्हणाली, "कंपनीच्या ड्रमसारखं दिसतंय." मग म्हणाली, "पण कळतंय."

आधीच्या विकल्या गेलेल्या पिशव्यांचं काय करायचं हा प्रश्न होताच. तो बायकोने अंगावर घेतला. प्रदर्शनातलं गिऱ्हाईक बहुतेक रोह्यातलंच, शाळेतल्या बाया आणि त्यांच्या शेजारणी. ती एकेकीला भेटली, सांगितलं. कुणी म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत; कुणी म्हणाल्या, इश्श्य, आम्ही तर पाय शेकायलाच घेतलं होतं. एकीने पिशवी परत दिली, पण वरचं लेबल अलगद सोडवून ठेवून घेतलं. चित्र आवडलं म्हणून.

उरलेली जुनी लेबलं मिठागरवाल्या ताईने मला आणून दिली. ती मी कापायच्या यंत्रात घालून बारीक केली. ते करताना वाईट वाटलं, लपवत नाही.

नवीन लेबलचं काय झालं, तर स्टॉलवर ते फारसं चाललं नाही. हातात घेणाऱ्या बायका नावाखालचं वाचायच्या आणि ठेवून द्यायच्या. तिने पावसाळ्याआधी स्टॉल लावणं बंद केलं. मला वाटलं, संपलं. पण त्याच सुमारास खाडीपलीकडच्या मासळी सुकवणाऱ्या दोन बायका तिच्याकडे आल्या. त्यांना जाडं मीठच हवं होतं, आणि कशासाठी आहे ते लिहिलेलं हवं होतं, कारण त्यांच्याकडून माल घेणारा तसं विचारायला लागला होता. मग रोह्यातली एक लोणचंवाली आली. मग कोलाडच्या बाजूचा एक गोठेवाला. पिशव्यांऐवजी पाच-पाच किलोच्या गोण्या जायला लागल्या. लेबल गोणीला शोभलं. मोठ्या व्यापाराची गोष्ट नाही ही, पण ट्रकवाल्याची वाट बघायची गरज उरली नाही, असं ती म्हणते.

माझ्या कामात एक फरक पडला. आता कुणी लेबल करायला आलं की रंग विचारायच्या आधी मी विचारतो, यात काय काय आहे, कुठे बनवलं, कशासाठी विकणार. लोकांना ते आवडत नाही. एक मसालेवाला म्हणाला, तुम्ही छापा हो, तपासणी करायला दुसरे आहेत. तो दुसरीकडे गेला. आमच्या घरी मात्र बायको अजून दर उन्हाळ्यात त्या मिठात कैऱ्या घालते, आणि आमटीत पाकिटातलं.

बाबा त्यानंतर दुकानात आले नाहीत. त्यांची सून आली की मी विचारायचो, बाबा कसे आहेत, आणि ती म्हणायची, बरे हायेत, जातात बांधावर. एवढंच. त्यांनी माझी आठवण काढली असं ती कधी म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. मिठागरावर परत जावं असं कितीदा वाटलं, पण बूट काढून तिथे उभं राहायचा धीर झाला नाही.

यंदा पावसाळ्यात मोठ्या उधाणाने त्यांचा बांध फुटला. अर्धे वाफे चिखलाखाली गेले. दिवाळीनंतर ती आली ती लेबलं सांगायला, पण नेहमीपेक्षा निम्मीच. यंदा मीठ कमीच निघणार, म्हणाली. मिस्टर रजा काढून बांध घालताहेत, बाबाही चिखलात उतरतात, सांगून ऐकत नाहीत.

मी लेबलची फाइल उघडली, वर्ष बदललं, तिला दाखवलं. तिने नेहमीसारखं सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं.

"बरोबर हाय," ती म्हणाली. मग पर्स उचलता उचलता थांबली. "बाबा बोलले, लेबलवाल्या दादाला सांग, आता येऊ नको."

मी फाइल सेव्ह करून बंद केली.

"आता नुसता चिखल हाय म्हणाले, काय बघनार. मीठ फाल्गुनात निघंल. तवा ये म्हनावं."

"येतो म्हणून सांगा," मी म्हणालो, आणि मशीनमध्ये फिल्मचा रोल चढवायला घेतला.